दाबून धर, सोडू नको!

गोष्ट वाईची आहे. साल 1986, मे महिन्याची सुट्टी, आणि मी नुकतीच सहावीतून सातवीत गेलेली. मामाच्या अंगणात आंब्याखाली त्याची दुधी रंगाची प्रीमियर पद्मिनी उभी होती. मागचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. गाडीची मागची बाजू जॅकवर उचललेली आणि जॅकवर भरवसा नको म्हणून खाली दोन जाड ओंडके सारलेले. गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते, ते मिस्त्रीकाकांचे. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, अगदी टोकाला सरकून, दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून बसले होते मी!

गाडी चालवायची नव्हती हं. माझं काम एकच होतं, ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवायचा आणि काका सांगतील तसं करायचं.

"पंप मार!" गाडीखालून आवाज आला.

मी पेडल तीन-चार वेळा खालीवर केलं. पहिल्यांदा ते ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं मऊ लागलं. नंतर थोडं कडक झालं.

"आता दाबून धर!"

"धरलं!"

आणि मग ती गंमत झाली. मी पाय तस्साच दाबून धरला होता, तरी पेडल आपलं आपण हळूहळू खाली जायला लागलं. जत्रेतला पाळणा खाली येताना पोटात गोळा येतो ना, तसं झालं मला. पेडल पार तळाला टेकलं.

"सोडू नगं! पाय हलवू नगं!" काका ओरडले. एक क्षण गेला, पान्याचा 'टक्' असा आवाज आला. "हां, आता सोड."

असं पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. पंप मार, दाबून धर, सोडू नको, सोड. मला काका दिसत नव्हते, काकांना मी दिसत नव्हते. आम्ही दोघं फक्त आवाजावर एक काम करत होतो. मी विचारलं, "काका, आपण नक्की काय करतोय?"

गाडीखालून उत्तर आलं, "हवा काढतोय."

ब्रेकमध्ये हवा? हवा तर टायरमध्ये असते! आणि पंक्चरवाल्याकडे आपण हवा भरायला जातो, काढायला कशाला?

त्याचं उत्तर सांगण्याआधी आदल्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. आम्ही पाचगणीला गेलो होतो. मामा, मामी, आजी, मी आणि मागे ठासून भरलेलं सामान. संध्याकाळी पसरणी घाटातून वाईकडे उतरताना मामाचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो काही बोलला नाही. त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, गाडीने 'घुर्रर्र' केलं आणि वेग कमी झाला. मला दिसलं की तो ब्रेक एकदाच दाबत नव्हता. पटापट तीन-चार वेळा दाबत होता, मग गाडी आवरत होती. एका रुंद वळणावर त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "पेडल खाली जातंय. जरा गार होऊ दे, मग जाऊ." आम्ही अर्धा तास तिथं बसलो, धोम धरणाचं पाणी बघत. मग मामाने गाडी अगदी सावकाश, दुसऱ्या गिअरमध्येच, घरापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीकाका आले. त्यांनी चाक काढलं, आतला ड्रम काढला, ड्रमच्या आत बोट फिरवलं आणि ते ओलं बोट मामाला दाखवलं. एक लहानसं रबर झिजलं होतं, तिथून ब्रेक ऑइल झिरपत होतं. रबर नवं घातलं, ड्रम परत बसवला. पण रबर बदलायला नळी उघडावी लागली होती, आणि नळी उघडली की हवा आत शिरतेच. म्हणून ही 'पंप मार, दाबून धर' ची कवायत.

आता मला सांगा, तुम्ही पेडलवर पाय देता तिथून मागच्या चाकापर्यंत अंतर किती? दोन-अडीच मीटर तरी सहज. पायाचा जोर तिथवर जातो कसा?

सायकलचा ब्रेक आठवा. तिथं तार असते, नाहीतर लोखंडी दांडी. लिव्हर ओढली की तार ओढली जाते, तारेने रबराचे ठोकळे चाकाला चिकटतात. अगदी जुन्या मोटारींमध्येही असंच असायचं, दांड्या आणि तारा. पण मोटारीला चार चाकं! चारही तारा सारख्या ताणलेल्या हव्यात. एक जरी सैल पडली, तर एक चाक जोरात थांबणार, दुसरं फिरत राहणार आणि गाडी वेडीवाकडी ओढली जाणार. चारही चाकांना सारखा जोर कसा पोचवायचा, हा मोठा प्रश्न होता. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड नावाच्या माणसाने 1917 साली त्यावरचा उपाय नोंदवला. हा माणूस आपल्या भावाबरोबर विमानंही बनवायचा. त्याने तारा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी बारीक नळ्या घातल्या, नळ्यांत पातळ द्रव भरला. 1921 साली ड्यूझेनबर्ग नावाची अमेरिकन गाडी असले ब्रेक चारही चाकांना लावून विकायला आली.

पण खरी युक्ती लॉकहीडच्याही अडीचशे वर्षं आधीची आहे. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा मुलगा होता. मुलगाच म्हणायला हवं, कारण एकोणीस वर्षांचा असताना त्याने बेरजा करणारं यंत्र बनवायला घेतलं, वडिलांना कराच्या हिशेबात मदत व्हावी म्हणून! तो फक्त 39 वर्षं जगला. 1662 साली तो गेला आणि 1663 साली त्याचं द्रवांवरचं पुस्तक छापून आलं. त्यात त्याने सांगितलं होतं की बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाबलं, तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. कमी नाही, जास्त नाही. जवळ असो, लांब असो, वर असो, खाली असो. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला चार भोकं पाडून ती दाबून बघा. जिथं दाबाल तिथूनच पाणी येतं असं नाही, चारही भोकांतून पिचकाऱ्या उडतात.

चार भोकांच्या जागी चार चाकं ठेवा, झाला गाडीचा ब्रेक!

पेडलच्या पुढे एक नळकांडं असतं, त्याला म्हणतात मास्टर सिलिंडर. त्यात एक दट्ट्या. तुम्ही पेडल दाबलं की दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलला दाबतो. दाब नळ्यांतून चारही चाकांकडे जातो. प्रत्येक चाकाशी एक छोटं नळकांडं असतं, व्हील सिलिंडर. तिथले दट्टे बाहेर ढकलले जातात आणि ते अर्धगोल आकाराच्या ब्रेक शूंना फिरत्या ड्रमवर दाबतात. शूवरचं लायनर ड्रमला घासतं, चाक थांबतं. पद्मिनीला चारही चाकांना असेच ड्रम होते.

आता थोडं गणित करू या, घाबरू नका, तोंडी करण्यासारखं आहे. आकडे मी सोपे घेतलेत. समजा, तुम्ही पेडलवर 20 किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ असते, त्यामुळे पुढे तो जोर पाचपट होतो, 100 किलो. दट्ट्याचं तोंड 3 चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे ऑइलवर दाब पडला दर चौरस सेंटिमीटरला 33 किलो. चाकाच्या दट्ट्याचं तोंड 4 चौरस सेंटिमीटरचं असेल, तर तो शूला ढकलतो 132 किलोच्या जोराने! आणि चाकाशी असे दोन दट्टे, चार चाकांचे मिळून आठ. नुकत्याच सातवीत गेलेल्या मुलीच्या पायाने एवढ्या जोराची कामं चालली होती. मला तेव्हा हे माहीत असतं तर मी सीटवर आणखी ताठ बसले असते.

यात ऑइलचं काम काय? फक्त एक, दबायचं नाही. हेच तर महत्त्वाचं आहे. द्रव दाबला जात नाही, निदान जवळजवळ नाहीच. वर निघाला तेवढा, 33 किलोचा दाब एक लिटर पाण्यावर दिला, तर ते फक्त दीड मिलिलिटरने आकसतं. लिटरभर दुधातून चमच्याच्या टोकावर मावेल एवढं दूध कमी झालं तर आईलाही कळणार नाही.

आणि हवा? हवा लगेच हार मानते. यासाठी सुई नसलेली नवी सिरिंज औषधाच्या दुकानातून आणा. 10 मिलिलिटरची पुरे. आत हवा भरा, पुढचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. जोर लावला की निम्म्यापर्यंत जातो ना? सोडला की परत मागे येतो, स्प्रिंग असल्यासारखा. आता तीच सिरिंज पाण्याने भरा, एकही बुडबुडा ठेवू नका, आणि पुन्हा तोंड बंद करून दाबा. अंगठा दुखेल, पण दट्ट्या हलणार नाही. पाण्याने दगड होऊन दाखवलेलं बघायचं असेल तर हा प्रयोग कराच.

असं का होतं? दिवाळीच्या सुट्टीत भरलेली एसटी आठवा. आत उभं राहायला पाऊल ठेवण्याएवढीही जागा नाही. कंडक्टर कितीही म्हणाला, "पुढे सरका, पुढे सरका," तरी सरकणार कुठं? द्रवातले कण असेच एकमेकांना चिकटून असतात. हवेतले कण मात्र रिकाम्या मैदानावर पळणाऱ्या पोरांसारखे. दोन कणांमध्ये त्यांच्या आकाराच्या जवळजवळ दहापट मोकळी जागा असते. त्यांना दाबलं की ते जवळ येतात, आणखी दाबलं की आणखी जवळ.

तर आता ब्रेकच्या नळीत एक बुडबुडा अडकला आहे असं समजा. फार मोठा नाही, बोराएवढा, 5 मिलिलिटरचा. 33 किलोचा दाब आला की तो आकसून चौतिसाव्या हिश्शाएवढा होतो, एखाद्या मोठ्या थेंबासारखा. म्हणजे जवळजवळ 5 मिलिलिटर जागा रिकामी झाली, ती कुणी भरायची? पेडलच्या दट्ट्याने. दट्ट्या सगळा आत गेला तर तो एकूण 9 मिलिलिटर ऑइल ढकलतो असं धरू. आठ दट्टे शूला चिकटवायला, प्रत्येकी एक मिलिमीटर सरकायला, लागतं फक्त सव्वातीन मिलिलिटर. म्हणजे चांगल्या ब्रेकला पेडल एकतृतीयांशाच्या जरा पुढे जाऊन घट्ट थांबतं. बुडबुडा असला की सव्वातीन आणि पाच मिळून सव्वाआठच्या जवळ. पेडल तळाला टेकायला बोटभरच उरलं! बुडबुडा आणखी थोडा मोठा असला तर पेडल तळाला टेकेल आणि गाडी तशीच पुढे जाईल.

यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अजून पुढेच आहे. बुडबुडा मागच्या डाव्या चाकाच्या नळीत आहे, म्हणून फक्त तेच चाक आळशी होईल का? नाही! पास्कल काय म्हणाला होता, दाब सगळीकडे सारखा. बुडबुड्याने दाब वाढू दिला नाही, तर तो चारही चाकांना कमीच पोचणार. एक बोराएवढा बुडबुडा सगळी गाडी मऊ करून टाकतो. जुन्या गाड्यांना नळ्यांचा एकच मार्ग असायचा, म्हणून हा धोका त्यांना जास्त. नंतरच्या गाड्यांमध्ये दोन वेगळे मार्ग करतात. एक बिघडला तरी दुसऱ्यावर निम्मे ब्रेक उरतात.

मामा घाटात पेडल पटापट का मारत होता, तेही आता कळेल. पेडल सोडलं की मास्टर सिलिंडर वरच्या डबीतून आणखी ऑइल ओढून घेतो. शू पूर्ण मागे फिरण्याआधी पुन्हा पेडल दाबलं, की नळीत आधीपेक्षा जास्त ऑइल गेलेलं असतं. दोन-तीनदा असं केलं की पेडल थोडं वर, थोडं कडक लागतं. हा तात्पुरता उपाय आहे, पण अडचणीच्या वेळी गाडी आवरतो. आणि त्याने हँडब्रेक ओढला होता, तो या नळ्यांवर चालतच नाही, त्याला वेगळी तार असते. लॉकहीडने काढून टाकलेली तार एका कोपऱ्यात अजून राखून ठेवली आहे, ती अशा वेळेसाठी.

चला परत अंगणात. आमचं 'पंप मार, सोड' सुरूच होतं. माझा पाय आता थरथरायला लागला होता. सीट मागे आणि पेडल पुढे, मला अर्धं लोंबकळतच दाबावं लागत होतं. एकदा पेडल तळाला गेलं आणि काकांचा 'सोड' येण्याआधीच माझा पाय सुटला. गाडीखालून काका काहीच बोलले नाहीत. ते सरपटत बाहेर आले, हात फडक्याला पुसले आणि मामाला म्हणाले, "मालक, तुम्ही बसा पेडलवर." मला रडूच येणार होतं. पण काका मला म्हणाले, "चल पोरी, तू माझ्याकडं ये. तुला दाखवतो तू काय केलंस ते."

आणि मी पहिल्यांदा ते पाहिलं. ओंडक्यांच्या बाजूला पोटावर झोपून, मान वाकडी करून.

चाकामागच्या पत्र्यावर, वरच्या बाजूला, छोट्या बोंडाएवढं निपल होतं. त्यावरची रबरी टोपी काढलेली. निपलला एक पारदर्शक नळी बसवलेली, दवाखान्यात सलाईनला असते तसली पण जरा जाड. नळीचं दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, आणि बाटलीत थोडं ब्रेक ऑइल, नळीचं टोक बुडेल एवढं.

"दाबून धरा मालक!" काकांनी निपल लहान पान्याने अर्धा आटा सैल केलं. झर्रकन ऑइल नळीत आलं, काळपट, कोऱ्या चहासारखं, आणि त्यातून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक पळत गेले. बाटलीत जाऊन बुडुक बुडुक फुटले. काकांनी 'टक्' करून निपल आवळलं. "सोडा." नळीतलं ऑइल जिथल्या तिथं थांबलं.

मग काकांनी मुद्दाम निपल उघडं ठेवून मामाला पेडल हळूच सोडायला लावलं. नळीतले बुडबुडे थबकले, मागे फिरले आणि चाकाकडे पळाले! मी ओरडलेच. पेडल सोडलं की मास्टर सिलिंडर ऑइल मागे ओढतो. निपल उघडं असेल तर तो तिथूनच ओढणार, बुडबुड्यांसकट. बाहेर काढलेला चोर दार उघडं राहिलं म्हणून परत घरात. बाटलीत नळीचं टोक ऑइलमध्ये बुडवलेलं असतं ते यासाठीच, की ओढलंच तर ऑइल ओढलं जावं, बाहेरची मोकळी हवा नको. माझा पाय सुटला तेव्हा हेच झालं होतं. त्या चाकाचं काम काकांनी पुन्हा पहिल्यापासून केलं आणि मला एका शब्दाने रागावले नाहीत.

निपल वरच्या बाजूला का असतं, हे तुम्हीच सांगा. बरोबर, बुडबुडे वर चढतात. पाणी भरलेल्या बाटलीत कधी बुडबुडा तळाला जाऊन बसलेला पाहिलाय? खाली निपल ठेवलं असतं तर सगळं ऑइल संपलं असतं आणि बुडबुडा वर तसाच बसून राहिला असता.

हळूहळू चहाचा रंग फिका झाला, मग मधासारखा झाला. म्हणजे वरून ओतलेलं नवं ऑइल आता चाकापर्यंत आलं. बुडबुडे साबुदाण्याचे खसखशीएवढे झाले, मग एकही नाही. काकांनी आणखी दोनदा दाबायला लावलं, "खात्रीसाठी," म्हणाले. मग उजवं मागचं चाक, मग डावं पुढचं, सगळ्यात शेवटी उजवं पुढचं. ड्रायव्हर उजवीकडे, मास्टर सिलिंडरही तिकडेच, म्हणून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात आणि सगळ्यात जवळच्यावर शेवट. मध्ये मध्ये मामी बॉनेटखालच्या डबीत ऑइल घालत होती. काकांनी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर वरूनच हवा आत जाईल आणि सकाळपासूनचं काम पाण्यात. आणि ऑइल ओतताना डबा हलवायचा नाही, कडेने सावकाश सोडायचं, नाहीतर फेस होईल. फेस म्हणजे बुडबुडेच की!

हवा काढायचं काम फक्त गाडीतच असतं असं नाही. डॉक्टरकाका इंजेक्शन देण्याआधी सिरिंज उभी धरून टिचकी मारतात आणि सुईच्या टोकावर एक थेंब आणतात, तेव्हा तेही हवाच काढत असतात. तुमच्यापैकी कुणाच्या शेतावर डिझेल इंजिन असेल तर विचारा. टाकीतलं डिझेल संपलं आणि नळीत हवा धरली, की नुसतं डिझेल भरून इंजिन सुरू होत नाही. आधी पंपाजवळचा स्क्रू सैल करून फसफसणारी हवा जाऊ द्यावी लागते. नळाला दोन दिवसांनी पाणी येतं तेव्हा तोटी आधी खोकते, ती पण हवाच.

आता राहिला घाट. झिजलेलं रबर हे एक कारण होतं. पण काकांनी ते कोऱ्या चहासारखं ऑइल बाटलीत उजेडाला धरून मामाला विचारलं, "हे कधी बदललं होतं?" मामाला आठवेना.

ब्रेक ऑइल नावाचं ऑइल खरं म्हणजे तेल नाहीच. ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनवतात, आणि त्याला पाण्याचं भारी प्रेम. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी राहिली तर मीठ ओलं होतं ना, तसं हे हवेतली दमट ओल हळूहळू शोषून घेतं. वर्षभरात, दोन वर्षांत त्यात थोडं थोडं पाणी मिसळत जातं. डॉट 3 नावाच्या प्रकारचं नवं, कोरडं ऑइल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, तर हीच अट 140 अंशांवर येते. एवढ्याशा ओलीने 65 अंश गेले!

घाटात ब्रेक एवढे तापतात का? हिशेब करू. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत सुमारे 600 मीटरचा फरक आहे. पद्मिनी साधारण 900 किलोची, वर माणसं आणि सामान. एवढं वजन एवढं खाली आणायचं, आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर जी उष्णता तयार होईल तिच्यावर 20 लिटरहून जास्त पाणी उकळायला लागेल. आख्ख्या घरादाराच्या आंघोळीचं पाणी चार ड्रमांमध्ये! मग आतलं ओलसर ऑइल उकळणारच. आणि पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते. म्हणजे बाहेरून हवा शिरायचीही गरज नाही, एका थेंबातून नळीतच बुडबुडा जन्मतो. गाडी गार झाली की वाफेचं परत पाणी होतं, पेडल पुन्हा कडक लागतं, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक झालं. ही फसवणूक फार वाईट. मामा फसला नाही, म्हणून मला तो अजूनही उत्तम ड्रायव्हर वाटतो. दुसरा गिअर त्याने यासाठीच टाकला होता, की गाडीला आवरण्याचं निम्मं काम इंजिनाने करावं आणि ब्रेकला दम खायला मिळावा. घाटाच्या तोंडाशी गाडी न्यूट्रलमध्ये चालवू नका अशी पाटी दिसली तर तिचं कारण आता तुम्हाला माहीत आहे.

एवढं सगळं वाचून कुणीतरी हात वर करणार हे मला ठाऊक आहे. "मग एसटी थांबताना फुस्स करून हवा सुटते ती?" शाब्बास! एसटीचे आणि ट्रकचे ब्रेक हवेवरच चालतात. पण तिथं हवा चुकून शिरलेली नसते. इंजिनावरचा कॉम्प्रेसर ती आधीच कोंबून टाकीत भरून ठेवतो. जी आधीच दाबलेली आहे ती ढकलायला तयारच असते, ड्रायव्हरने फक्त दार उघडायचं. ब्रेक सुटताना ती बाहेर जाते, फुस्स! एका गाडीत चोर आणि दुसऱ्या गाडीत पहारेकरी, तीच हवा.

प्रयोग एक राहिला. 10 मिलिलिटरच्या दोन सिरिंज घ्या आणि माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी वीतभर. पाण्याच्या बादलीतच सगळं बुडवून जोडा, म्हणजे हवा राहणार नाही. एक दट्ट्या दाबा, दुसरा तेवढाच उठेल, त्याच क्षणी. आता मुद्दाम 3 मिलिलिटर हवा आत घ्या आणि दुसरा दट्ट्या मित्राला बोटाने दाबून धरायला सांगा. पहिला दट्ट्या दाबलात तर तुमच्या अंगठ्याला जे मऊ मऊ लागेल, ते माझ्या तळपायाला 1986 साली लागलं होतं. मग एका बाजूला 5 मिलिलिटरची आणि दुसऱ्या बाजूला 20 ची सिरिंज लावून बघा, लहानग्याने मोठ्याला कसं उचललं ते. जेसीबीचा हात याच युक्तीवर हलतो.

गाडीच्या खऱ्या ब्रेकला मात्र हात लावायचा नाही, तो मिस्त्रींचा प्रांत. ते ऑइल कातडीला आणि डोळ्यांना वाईट, आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंगही सोलून काढतं. मामाच्या बॉनेटवर एक थेंब पडला तेव्हा काकांनी लगेच तांब्याभर पाणी ओतलं होतं.

त्या दिवशी दुपारी मामाने मला शेवटचं एकदा पेडल दाबायला बसवलं. पेडल थोडं खाली गेलं आणि भिंतीला पाय लावावा तसं थांबलं. काकांनी बाहेरून विचारलं, "कसं लागतंय?" मी म्हटलं, "दगड!" त्यांनी बाटलीतलं काळं ऑइल एका डब्यात ओतलं, पाने फडक्यात गुंडाळले आणि मामीने आणलेला चहा घ्यायला पायरीवर बसले.

पद्मिनी आता क्वचितच दिसते. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची, तो बंद झाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. पण तुमच्या घरी कोणतीही गाडी असू दे, कितीही नवी, तिच्या बॉनेटखाली ब्रेक ऑइलची डबी असतेच. बहुतेक गाड्यांमध्ये ती पांढुरकी, अर्धपारदर्शक असते आणि तिच्यावर दोन रेघा असतात, एक कमीत कमी, एक जास्तीत जास्त. येत्या रविवारी आई-बाबांना बॉनेट उघडायला सांगा. ऑइल दोन रेघांच्या मध्ये आहे का आणि त्याचा रंग मधासारखा आहे की कोऱ्या चहासारखा, ते लांबूनच बघा, टोपण उघडू नका. आणि मग त्यांना तो प्रश्न विचारा, जो मिस्त्रीकाकांनी माझ्या मामाला विचारला होता, "हे कधी बदललं होतं?"